तेवीस गाई

तितिरीक गावात घर सरळ आहे की कललंय, हे बघायला ओळंबा लागत नाही. चहाचा कप टेबलावर ठेवायचा. जागेवर राहिला तर घर ठीक. खिडकीकडे सरकायला लागला तर यंदा तुळईखाली नवा ठोकळा ठोकायचा. मार्पाआजीच्या घरातला कप गेली दोन वर्षं खिडकीकडे जात होता. आजीने टेबलाच्या दोन पायांखाली जुनी पुस्तकं सारली आणि विषय संपवला. घर वाकडं असेना का, चहा सरळ असला की झालं, असं तिचं म्हणणं होतं.

हेमांगी फिरके तिच्याकडे राहायला होती. ही जळगाव जिल्ह्यातल्या यावलची मुलगी. मे महिन्यात जिथे पत्र्याला हात लागला तर फोड येतो अशा गावात, केळीच्या बागांमध्ये वाढलेली. आणि आता २०४३ च्या जुलैत ती सैबेरियाच्या उत्तरेला, याकुतियात, जमिनीची नाडी धरून बसली होती. आजीला सगळं गाव 'एबे' म्हणे. साखा लोकांच्या भाषेत एबे म्हणजे आजीच. हेमांगीही पहिल्या आठवड्यापासून तेच म्हणायला लागली होती.

पायाखालची जमीन सरकली असं आपण उठसूट म्हणतो. इथे ती खरोखर सरकत होती. इथली जमीन म्हणजे हातभर माती आणि तिच्याखाली हजारो वर्षं गोठून राहिलेला चिखल. त्या चिखलात घराएवढ्या उंचीच्या बर्फाच्या पाचरी उभ्या आहेत. वरची हातभर माती दर उन्हाळ्यात सैल व्हायची आणि हिवाळ्यात पुन्हा गोठायची. खालच्या गोठलेल्या थराला मात्र ऊन कधी शिवत नसे. गेल्या काही दशकांत उन्हाळे लांबले, ऊब खोल उतरायला लागली आणि पाचरी वितळू लागल्या. पाचर वितळली की पाणी निघून जातं आणि तिच्या डोक्यावरची जमीन खाली बसते. तितिरीकच्या अंगणांत म्हणूनच जिकडेतिकडे टेंगळं आणि खळगे झाले होते. गाई त्यात पाय मुरगाळून घेत. शाळेची एक भिंत दुसरीपासून वीतभर सुटली होती.

हेमांगीच्या संस्थेने गावाभोवती आणि वरच्या माळावर अकरा किलोमीटर काचेची तार पुरली होती. तार केसाइतकी बारीक, आणि तिच्यातून सतत प्रकाशाचे ठोके जात. वरून ट्रॅक्टर गेला, गाय धावली, माणूस चालला, तरी जमीन किंचित थरथरते. तेवढ्याने तार ताणली जाते आणि परत येणाऱ्या प्रकाशात फरक पडतो. गोठलेल्या जमिनीतून ही थरथर सुसाट पळते, वितळलेल्या जमिनीतून रेंगाळते. तो वेग वर्षभर मोजला की कुठली जागा अजून किती वर्षं घर पेलेल, याचा आकडा निघतो. गावकरी या यंत्राला नुसतं 'कान' म्हणत.

कानाने चव्वेचाळीस घरांपैकी एकतीस घरांना पाच वर्षंही दिली नव्हती. एबेच्या घराला दोन. आणि गावाच्या उत्तरेला असलेल्या वरच्या माळाला नव्वद. तिथे जमीन लोखंडासारखी, पाचरी कमी, पाण्याचा निचरा उत्तम. माळ रिकामा होता, त्यावर कोणाचं गवत नव्हतं की गोठा नव्हता. सगळं गाव तिकडे हलवायचं ठरलं. अहवालावर सही हेमांगीची होती, आणि खरं सांगायचं तर तिला त्या सहीचा अभिमान होता.

एकटी एबे नाही म्हणाली. कारण विचारलं तर कारण नाही. "मी त्या माळावर जाणार नाही आणि माझा मुलगाही जाणार नाही," एवढंच. पण मुलगा आधीच गेला होता. न्यूर्गून हा तिचा एकुलता एक, पन्नाशीचा, दणकट गडी. नव्या घरांसाठी माळावर खांब रोवायचे होते आणि खांबांची भोकं पाडणारं ड्रिल तोच चालवत होता. आई म्हातारपणी हेकट झाली असं त्याने ठरवून टाकलं होतं. तीन आठवडे दोघं एकमेकांशी बोलत नव्हती. एबे रोज सकाळी लोण्यातल्या पोळ्या करायची, डब्यात भरायची आणि हेमांगीला म्हणायची, "माळाकडे जातेसच, तर त्या ड्रिलवाल्याला दे." ड्रिलवाला डबा रिकामा करून परत पाठवायचा आणि म्हणायचा, "त्या घरमालकिणीला सांग, मीठ कमी आहे."

त्या मंगळवारी डबा घेताना हेमांगीला त्याच्या हातावर फोड दिसला. अंगठ्याच्या मुळाशी, वाटाण्याएवढा, मधे खळगा पडलेला. तिने विचारलं तर डास म्हणाला. इथले डास चिमणीएवढे असतात, त्यामुळे ती हसली आणि तिने विषय सोडला. गुरुवारी तो कामावर आला नाही. ती दवाखान्यात गेली तेव्हा तो खाटेवर होता. हात कोपरापर्यंत सुजला होता, अंग तापलं होतं आणि फोडाच्या मधोमध कोळशासारखी काळी खपली धरली होती.

"दुखतंय?" तिने विचारलं.

"हीच तर गंमत आहे. खाजतं, पण दुखत नाही."

हेमांगीने तो डाग पुन्हा नीट पाहिला. तिचे वडील गुरांचे डॉक्टर. लहानपणी जेवताना तिने हे असलंच सगळं ऐकलं होतं. दवाखान्याच्या पायरीवर येऊन तिने यावलला फोन लावला. प्रभाकर फिरके आता ऐंशीला टेकले होते, पण प्रश्न अजून तपासणीच्या टेबलाशी उभे असल्यासारखे विचारत. काळा डाग आहे का, भोवती सूज आहे का, दुखतं का.

"दुखत नाही," ती म्हणाली.

"मग वाट बघू नकोस. काळपुळी आहे. अँथ्रॅक्स. औषध वेळेत गेलं तर माणूस वाचतो, रक्तात उतरलं तर नाही." मग म्हणाले, "पण ती गुरांकडून येते, हेमा. त्याला तसलं जनावर भेटलं कुठे, ते आधी शोध."

गावातल्या गाई धडधाकट होत्या, सगळ्यांना लस दिलेली होती. हेमांगीला ठाऊक होतं की या रोगाचा जंतू जनावराबरोबर मरत नाही. तो स्वतःभोवती कवच करतो आणि मातीत बियाण्यासारखा पडून राहतो. पन्नास वर्षं, शंभर वर्षं. थंडी त्याला मारत नाही, उलट सांभाळते. ऊब आणि ओल मिळाली, अंगात शिरायला वाट मिळाली, की तो जागा होतो.

दवाखाना आयतालिना नावाची आरोग्यसेविका चालवायची. बाई हुशार आणि शांत. तिने हेमांगीचं ऐकून घेतलं, कपाटात होत्या त्या गोळ्या लगेच सुरू केल्या आणि स्पष्ट सांगितलं की सूज खांद्याकडे चढत्येय, या गोळ्या पुरणार नाहीत. शिरेतून द्यायचं औषध आणि रक्तातल्या विषावरचा उतारा चारशे किलोमीटरवरच्या जिल्हा रुग्णालयात. मधला रस्ता जून महिन्यातच खचला होता. हेलिकॉप्टर हवं होतं.

तिने फोन लावून तो टेबलावर मोठ्या आवाजात ठेवला. पलीकडचा साथरोग विभागाचा अधिकारी काही दुष्ट नव्हता, दमलेला होता. त्या आठवड्यात जंगलांना आगी लागलेल्या होत्या आणि तिन्ही हेलिकॉप्टरं माणसं काढण्यात गुंतली होती. कीटकदंशाला हेलिकॉप्टर देता येणार नाही, असं तो म्हणाला. अँथ्रॅक्स असेल तर मात्र तासाभरात निघेल, पण मग उगम दाखवा. त्याने नोंदवही उघडली. तितिरीकच्या परिसरात रोगट गुरांचं दफन नाही. एकोणीसशे सदुसष्टला साथ आली होती, तेव्हा तेवीस गाई मेल्या आणि तेवीसही जाळल्या. जळालेल्या गाईपासून काही होत नाही. खाली पशुपथकाच्या प्रमुखाची सही आहे, सेम्योन पोतापोव.

आयतालिनाने फोन ठेवला. मग म्हणाली, "सेम्योन पोतापोव म्हणजे एबेचे वडील."

आत खाटेवर न्यूर्गून जागा होता आणि त्याने ऐकलं होतं. त्याने हेमांगीला जवळ बोलावलं. आवाज खोल गेला होता. मागच्या शुक्रवारी ड्रिलच्या पात्याला केस आले होते, तो म्हणाला. लांब, तांबूस केस, कातड्याच्या तुकड्यासकट. या मुलखात जमिनीतून केस निघाले की माणसाच्या डोक्यात एकच गोष्ट येते, ती म्हणजे मॅमथ. हजारो वर्षांपूर्वीचा केसाळ हत्ती, आणि केस आहेत म्हणजे खाली सुळे असणार. त्याने ड्रिल बाजूला घेतलं, बाकीच्यांना जेवायला पाठवलं आणि एकट्याने, उघड्या हातांनी भोकात चाचपून पाहिलं. सुळे लागले नाहीत. भोकावर प्लास्टिक टाकून त्याने मुकाट्याने दुसरं भोक सुरू केलं. सांगितलं असतं तर सगळे वाटा मागायला आले असते. "हावरटपणा केला," तो म्हणाला. "मॅमथ नव्हता ना तो?"

तिने नकारार्थी मान हलवली. त्याला ते उत्तर पुरलं.

हेमांगी घरी न जाता यंत्राच्या खोलीत गेली. तिच्या मनात एक शंका आली होती, आणि ती खोटी ठरावी असं तिला फार वाटत होतं. तारेकडून येणारी माहिती गोंगाटाने भरलेली असते. झाडाची मुळं, उंदरांची बिळं, लहानसहान पाचरी, सगळंच तिच्यात उमटतं. म्हणून गणित करताना तीन मीटरहून लहान डाग यंत्र पुसून टाकतं. तशी सूचना तिनेच दिली होती. सगळेच देतात. तिने ती काढून टाकली आणि माळाचा नकाशा पुन्हा मागवला.

लोखंडासारख्या त्या माळाच्या पोटात मऊ ठिपके उमटले. सहाच्या चार ओळी. मुळं ओळीत उगवत नाहीत आणि उंदीर मोजून बिळं करत नाहीत. ज्या जमिनीला एकदा फावडं लागलं ती पुन्हा पहिल्यासारखी घट्ट गोठत नाही, तिच्यात पाणी धरतं आणि ती सगळ्यात आधी वितळते. न्यूर्गूनचं प्लास्टिक टाकलेलं भोक पहिल्याच ओळीतल्या शेवटून दुसऱ्या ठिपक्यावर होतं. तिने पुन्हा मोजले. चोवीस. एखादं जुनं खोडही असेल, तिने मनाशी म्हटलं. स्वतःची सही असलेला अहवाल समोरच्या फळीवर होता. तिकडे बघायची तिला लाज वाटली. नव्वद वर्षांची हमी देऊन तिने गावाला आगीतून फुफाट्यात नेऊन ठेवलं होतं.

दुपारचे दोन वाजले होते. एबे चुलीपुढे बसली होती. न्यूर्गूनला ताप आहे एवढंच तिला सांगण्यात आलं होतं, पण ती दवाखान्याकडे फिरकली नव्हती. गाव त्याला हेका म्हणत होतं. तिचा चेहरा बघून हेमांगीला कळलं की हा हेका नव्हे, ही भीती आहे. तिने ठिपक्यांचा कागद टेबलावर ठेवला आणि न्यूर्गूनने हात घातलेलं भोक दाखवलं. एबेने एकदा पाहिलं आणि कागद उलटा केला.

"तार चुकली असेल," ती म्हणाली.

"तार नाही चुकली, मी चुकले. एबे, त्याच्या हाताला काय झालंय ते मला कळलंय. तुम्हालाही कळलंय."

"त्याचं नाव घेऊ नकोस या घरात. नाव घेतलं की ते दारात येतं."

"ते आलंय. कोणी नाव न घेता आलंय." हेमांगीचा आवाज चढला आणि तिने तो आवरला नाही. "जिल्ह्याच्या वहीत लिहिलंय की गाई जाळल्या. तुमच्या वडिलांची सही आहे. वही खरी असेल तर हेलिकॉप्टर येणार नाही आणि न्यूर्गून परवापर्यंत राहणार नाही. खोटी असेल तर ते कोणीतरी बोलायला हवं. गावात तुमच्याइतकं वय कोणाचंच नाही."

एबे उठली. चुलीचं झाकण उघडून तिने सकाळच्या पोळीचा लोणी लावलेला तुकडा आत टाकला. रोज पहिला घास ती आगीलाच द्यायची. साखांच्या घरात आग ही थोरली मालकीण, तिच्यापुढे कोणी शिवी देत नाही, तिच्यात कचरा टाकत नाही. ज्वाळेकडे बघतच ती बोलू लागली.

सरकारी माणसाचा हुकूम होता की गाई जाळा. पण सडलेलं, रोगट जनावर आगीच्या तोंडात कोण कोंबणार? आख्ख्या गावात एक माणूस तयार होईना. सरकारी माणूस नदीपार गेला, तेव्हा तिच्या बापाने कागदावर जाळल्या म्हणून सही केली आणि गावाने गाई माळावर नेऊन पुरल्या. जमीन फोडायला आठवडा लागला. त्या जमिनीने उघडावं असं कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. दगड फुटेल, पण ती सुटणार नाही, अशी ती होती. मग थोरल्यांनी ठरवलं की त्या जागेचं नाव घ्यायचं नाही. मुलांना सांगितलं की तिकडे जाऊ नका आणि का ते विचारू नका. त्या मुलांनी आपल्या मुलांना नुसतं जाऊ नका म्हटलं. त्यांच्या मुलांना तेही कोणी सांगितलं नाही. झाकली मूठ झाकलेलीच राहिली, आणि आता मुठीत काय होतं हे ठाऊक असलेली ती एकटी उरली होती.

"पण न्यूर्गूनला तरी सांगायचं," हेमांगी म्हणाली.

"तोंडापर्यंत यायचं." एबेने डोळे पुसले नाहीत, ते नुसते वाहत होते. "आई नको म्हणते एवढ्यावर तो ऐकेल असं वाटलं मला. आई नको म्हणाली की पुरे असतं ना?"

एबेने भिंतीला लावलेली काठी घेतली.

दवाखाना दोनशे पावलांवर. तेवढ्यात वाटेतले तीन खळगे चुकवावे लागले. व्हरांड्यात ड्रिलवरचे पाच गडी बसून होते, त्यांनी उठून वाट दिली. त्यांच्यापैकी कोणाकोणाचा हात त्या पात्याला लागला असेल हा विचार हेमांगीच्या मनात आला. आयतालिनाने न विचारता फोन लावून दिला. खाटेवरून न्यूर्गून आईकडे बघत होता. पलीकडून अधिकाऱ्याने कोण बोलतंय म्हणून विचारलं.

"मी सेम्योन पोतापोवची मुलगी, मार्पा," एबे म्हणाली. "माझ्या बापाने तुम्हाला खोटं लिहून दिलं. गाई जाळल्या नाहीत, वरच्या माळावर पुरल्या. मी आठ वर्षांची होते, मी डोळ्यांनी पाहिलं. काळा रोग होता. माझ्या मुलाने गेल्या आठवड्यात त्यातल्या एका खड्ड्यात हात घातलाय."

अधिकारी एवढंच म्हणाला, की निघालोच.

हेलिकॉप्टरला यायला अडीच तास लागले आणि ते अडीच तास कसे गेले ते हेमांगीला पुढे कधी नीट आठवलं नाही. सूज काखेपर्यंत चढली होती. न्यूर्गून असंबद्ध बोलायला लागला होता. एबे त्याच्या उशाशी बसून राहिली, आणि स्ट्रेचर उचललं तेव्हा तिने त्याच्या पायांना हात लावला. त्यानंतर चार दिवस बातमी आली नाही. पाचव्या दिवशी आयतालिनाच्या फोनवर निरोप आला की ताप उतरलाय आणि रोगी रुग्णालयाच्या सूपला नावं ठेवतोय. एबेने निरोप दोनदा सांगायला लावला आणि मग गोठ्यात जाऊन बराच वेळ बसली.

इकडे सरकारी माणसं आली. पांढऱ्या झग्यांतली पथकं, पिवळ्या पट्ट्या, पाण्याचे नमुने, गाईंना पुन्हा लस. बैल गेला नि झोपा केला, दुसरं काय. पाचही गड्यांना गोळ्या दिल्या, त्यांतलं कोणी आजारी पडलं नाही. माळ बंद झाला. यंदाचा उन्हाळा हातचा गेला, गाव हलणार नाही हे पक्कं झालं. सगळ्यात वाईट सात घरांतली माणसं शाळेत राहायला गेली आणि त्यांतल्या काहींनी एबेशी बोलणं सोडलं. काहींनी हेमांगीशीही. तिने संस्थेला दुसरा अहवाल पाठवला आणि त्यात पहिल्याच पानावर स्वतःची चूक लिहिली. तारेने सांगितलं होतं, मी पुसलं, असं. वडिलांना फोनवर ते वाचून दाखवलं तेव्हा ते म्हणाले की वाक्य बरोबर आहे, आता पुढचं काम कर.

पुढचं काम एबेच्या टेबलावर पडलं होतं. सप्टेंबरात जमीन पुन्हा गोठायच्या आत पथक एकेक खड्डा उघडणार होतं आणि जे मिळेल ते मोठ्या भट्टीत जाळणार होतं. कुठल्या खड्ड्यात काय आहे, याची यादी त्यांना हवी होती. हेमांगीने माळाचा नकाशा मोठा छापून आणला, चौकटी आखल्या. पण एबे कागदाकडे फिरकेना. वहीत तेवीस गाई, एबेच्याही तोंडी तेवीसच, आणि तारेवर चोवीस. हेमांगीने ते अजून कोणालाही सांगितलं नव्हतं.

ऑगस्ट संपता संपता न्यूर्गून परत आला. निम्म्याने वाळला होता, उजवा अंगठा वाकत नव्हता. तो आईच्या घरी आला, बसला, चहा प्याला. मग त्याने नकाशा पुढे ओढला आणि डाव्या हातात पेन्सिल घेतली.

"सांग, ईये," तो म्हणाला. ईये म्हणजे आई. "मी लिहितो."

एबे चुलीकडे बघत राहिली आणि मग तिने सुरुवात केली. तिला सगळ्या आठवत होत्या. कुठल्या घरची, रंग कुठला, नाव काय. कितालिक, म्हणजे पांढरा क्रौंच, ती दूधवाल्या आन्नाची. तुल्लुक, म्हणजे हिमचिमणी, ती शाळामास्तरांची आणि मारकी. सुलुस, म्हणजे चांदणी, तिच्या कपाळावर ठिपका होता. एरिएन, कबरी, पहिलटकरीण. सुरुवातीला तिचा आवाज अडखळत होता, नंतर तो मोकळा झाला आणि मारक्या तुल्लुकने मास्तरांना गोठ्यावर चढवलं होतं ते सांगताना ती थोडी हसलीसुद्धा. शहात्तर वर्षं न उच्चारलेली नावं एकेक करून चौकटींत जाऊन बसली. न्यूर्गून सावकाश, वाकड्या अक्षरांत लिहीत होता. हेमांगी मोजत होती. तेवीस झाल्या आणि एबे थांबली.

पहिल्या ओळीतली शेवटची चौकट मोकळी होती. न्यूर्गूनने हात घातला होता त्या खड्ड्याच्या शेजारची.

बोलावं की नाही, हेमांगीला कळेना. पथक सोमवारी यायचं होतं. "एबे," ती हळूच म्हणाली, "तारेवर चोवीस आहेत."

"तार चांगली आहे तुझी," एबे म्हणाली.

ती उठून मुलाच्या शेजारी येऊन बसली. तू हात घातलास ती आमची मिचेर, ती म्हणाली. सगळ्यात आधी मेली ती. कातडं फार सुरेख होतं तिचं, तांबूस, लांब केसांचं. माझा थोरला भाऊ म्हणाला, असं कातडं मातीत घालायचं नाही, यातून मार्पाला हिवाळ्याचे बूट होतील. त्याने ते सोडवलं. चौथ्या दिवशी तो गेला, आणि ते कातडं तिच्याच खड्ड्यात गेलं. एकोणीस वर्षांचा होता. सरकारी माणसाने बघितलं असतं तर त्यालाही जाळायला लावलं असतं, म्हणून माझ्या बापाने, आप्पांनी, त्याला मिचेरच्या बाजूला ठेवलं आणि गावाच्या वहीत लिहिलं की पोरगा सोन्याच्या खाणीत कामाला गेला. गावाने आप्पांसाठी तोंड मिटलं. गाईंसाठी एवढं कोण मिटतं?

न्यूर्गूनने पेन्सिल खाली ठेवली नव्हती. "मला कधी म्हणालीही नाहीस की तुला भाऊ होता," तो म्हणाला.

"सोमवारी ते तो खड्डा उघडतील. त्यांना माहीत असू दे कोण आहे तो. यादीत घाल."

"नाव काय त्याचं?"

एबेने त्याचा न वाकणारा अंगठा आपल्या हातात घेतला.

"तुझंच," ती म्हणाली.

मग त्याने नकाशा जवळ घेतला आणि मोकळ्या चौकटीत, डाव्या हाताने, स्वतःचं नाव लिहिलं.